‘एक ठाणेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

माळ्यावर एक्झॉस्ट पंखा लावून रात्री घर गार करता येतं, असं मी लिहिलं, त्यावर ‘एक ठाणेकर’ म्हणतात: ‘काकू, हे अमेरिकेतल्या लाकडी घरांचं खूळ. ठाण्यात पोटमाळा उरलाय कुठे? शिवाय आपल्याकडे बाहेरची दमट हवाच आत ओढली जाणार. मच्छर वेगळे. पाककृती लिहा, त्या छान असतात.’

पाककृती आवडतात, आनंद आहे. पण नाव-गाव न सांगता कुणी ‘काकू’ म्हणत पाठ थोपटली की माझं डोकं तापतं, आणि त्याला कुठलाच पंखा चालत नाही.

आधी चूक कबूल करते. अमेरिकेत यात दोन प्रकार असतात: एक फक्त माळ्यातली तापलेली हवा बाहेर फेकतो, दुसरा खोलीच्या छतात, म्हणजे माळ्याच्या खाली बसवतात, तो खिडक्यांतून हवा घेऊन घरभर फिरवत माळ्यात ढकलतो. मी दोघांना एकाच नावाने हाक मारली. झालं समाधान?

आता ‘पोटमाळा उरलाय कुठे’. खारकर आळीत या, दाखवते. 1978 साली मी या घरात सून म्हणून आले, तेव्हापासून डोक्यावर मंगलोरी कौलं आणि खाली फळ्यांचा माळा आहे. टॉवरात राहणाऱ्याला अख्खं ठाणं टॉवरचंच दिसतं, त्याला मी काय करणार! एप्रिलात दुपारी कौलाला आतून हात लावून बघा, ठेववत नाही. सासूबाई कुरडया अंगणात घालायच्याच नाहीत, माळ्यावर पसरायच्या, संध्याकाळी कडकडीत. तीच धग रात्री फळ्यांतून आमच्या अंथरुणावर उतरायची.

आम्ही केलं ते एवढंच. माळ्याच्या त्रिकोणी भिंतीत 15 इंची एक्झॉस्ट, माळ्याच्या जिन्यावरचं झाकण उघडं, खालच्या खिडक्या सताड. रात्री बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गार झाली की लावायचा, भर दुपारी नाही. खिडकीत उदबत्ती धरली की धूर आत वळतो आणि जिन्यावरून कुणी बोलावल्यासारखा वर जातो. पहिल्या रात्री खिडक्या लावूनच बटण दाबलं, तर न्हाणीघराचं दार धाडकन आपटलं. हवा यायलाच वाट नाही तर पंखा बिचारा ओढणार काय? घरात गॅसचा गीझर असेल तर त्याचा विषारी धूर उलटा आत येऊ शकतो, हेही मी लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल.

दमटपणा पंखा काढत नाही, काढतो असं मी म्हटलंही नव्हतं. मे महिन्यात सगळं ठाणंच चिकचिकत असतं. पुढे.

मच्छरांचं मात्र खरं आहे. म्हणून खिडक्यांना जाळी लावलीय. तिच्यात धूळ बसली की वारा निम्मा येतो आणि पंखा नुसता घुरघुरतो. यंदा ती धुवायची अजून राहिलीय, कालपासून घुरघुर ऐकतेय.