‘आफ्रिकेत असलं काही नव्हतंच’ : एका फिरत्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

गेली काही वर्षं एक दावा सतत फिरतो आहे. कधी इंग्रजी व्हिडिओत, कधी मराठी पोस्टमध्ये, कधी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात. त्याचा मजकूर थोडक्यात असा : आफ्रिकेत पारलिंगी किंवा इंटरसेक्स माणसं कधी नव्हती. गोऱ्या देशांनी पैसा ओतून तिथे संस्था उभ्या केल्या. या संस्था लहान मुलांवर शस्त्रक्रिया करायला लावतात. खरी आफ्रिका हे सगळं झिडकारते, आणि भारतानेही तेच करावं.

हा दावा मला खोटा वाटतो आणि घातकही वाटतो, कारण त्याच्या आधाराने तिकडे माणसं तुरुंगात जातात, घराबाहेर काढली जातात. म्हणून त्याचा एकेक तुकडा वेगळा काढून तपासतो.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. जन्माच्या वेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारी ओळख जुळत नाही, ती माणसं पारलिंगी. गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकं किंवा जननेंद्रियं यांची ठेवण स्त्री-पुरुष या दोन ठरीव साच्यांत बसत नाही, अशा शरीराने जन्माला येतात ती इंटरसेक्स. पहिल्याचा संबंध ओळखीशी, दुसऱ्याचा शरीराशी. आफ्रिकेत या दोन्ही गटांच्या संस्था खांद्याला खांदा लावून काम करतात, पण त्यांच्या मागण्या पुष्कळदा वेगळ्या असतात.

पहिला तुकडा : ‘अशी माणसं तिथे नव्हतीच.’

इंटरसेक्स माणसांच्या बाबतीत हे म्हणणं टिकूच शकत नाही. गर्भात शरीर कसं घडेल हे कुठल्याही देशाची फॅशन ठरवत नाही. केनियात हा प्रश्न थेट न्यायालयात आला होता. रिचर्ड मुआस्या हा इंटरसेक्स कैदी पुरुषांच्या तुरुंगात होता, आणि तिथे त्याची विटंबना झाली. २०१० साली नैरोबीच्या उच्च न्यायालयाने त्याला अमानुष वागणुकीबद्दल ५ लाख शिलिंग भरपाई दिली, पण सगळ्या इंटरसेक्स लोकांच्या वतीने त्याला दाद मागू द्यायला नकार दिला. कारण काय, तर देशात अशी माणसं किती आहेत याची आकडेवारीच समोर नाही. म्हणजे मोजलं नाही म्हणून नाहीत, आणि नाहीत म्हणून मोजायचं नाही. कार्यकर्त्यांनी नेमकी हीच कोंडी फोडायचं ठरवलं. २०१९ च्या जनगणनेत केनियाने इंटरसेक्स असा स्वतंत्र पर्याय ठेवला आणि १,५२४ जणांची नोंद झाली. पावणेपाच कोटींच्या देशात हा आकडा खऱ्यापेक्षा फार लहान आहे यात शंका नाही. घरात आलेल्या प्रगणकाला, शेजारीपाजारी ऐकत असताना, ही गोष्ट कितीजण सांगतील? तरीही ‘कुणीच नाही’ हे उत्तर त्या दिवशी सरकारी कागदावरून पुसलं गेलं.

पारलिंगी माणसांच्या इतिहासाबद्दल बोलताना मात्र जपून बोललं पाहिजे. आजची ओळख जुन्या समाजांवर जशीच्या तशी चिकटवणं मला पटत नाही. पण जुने समाज दोनच कप्प्यांत जगत होते हेही खरं नाही. युगांडातल्या लांगो समाजात ‘मुडोको डाको’ म्हणून ओळखली जाणारी माणसं पुरुष शरीराने जन्मून स्त्रियांचं आयुष्य जगत, स्त्रियांची कामं करत, पुरुषांशी संसार करत. ही नोंद जॅक ड्रायबर्ग या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२३ साली छापली, तेव्हा स्वयंसेवी संस्था आणि परकीय निधी हे शब्दही कुणाच्या तोंडी नव्हते. केनियातल्या नांदी समाजात मूलबाळ नसलेली स्त्री दुसऱ्या स्त्रीशी विधीपूर्वक लग्न करते, ‘नवरा’ होते आणि समाजात तिला पुरुषाचा मान मिळतो. हा पारलिंगीपणा नव्हे. वंश आणि मालमत्ता पुढे नेण्याची ती रीत आहे. पण २०११ साली मोंबासाच्या न्यायालयाने वारसाहक्काच्या दाव्यात असं लग्न मान्य केलं. लिंग आणि समाजातलं स्थान यांची गाठ सुटी करता येते, हे तिथल्या वडीलधाऱ्यांना कुणी बाहेरून शिकवलं नव्हतं.

दुसरा तुकडा : ‘हे पाश्चात्यांनी आणलं.’

बाहेरून काय आलं, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि त्याचं उत्तर थेट आपल्या दारात येतं.

१८६० ची भारतीय दंडसंहिता ब्रिटिशांनी इथे रचली. १८९७ पासून तीच पूर्व आफ्रिकेतल्या त्यांच्या प्रदेशात लागू झाली आणि केनियात १९३० पर्यंत चालली. झांझिबारच्या ब्रिटिश न्यायालयातली अपिलं तर त्या काळात आपल्या मुंबई उच्च न्यायालयात येत. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संबंधांना शिक्षा देणारं कलम ३७७ असं हिंदी महासागर ओलांडून गेलं, आणि पुढे केनिया, युगांडाच्या स्वतःच्या दंडसंहितांत जवळपास त्याच शब्दांत मुरलं. कागदोपत्री हे कलम कृतीबद्दल आहे, ओळखीबद्दल नाही. प्रत्यक्षात वेशभूषा आणि चालणंबोलणं पाहून माणसाला उचलायला पोलिसांना तेवढा आधार पुरतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीच्या संबंधांपुरतं हे कलम निष्प्रभ केलं. केनियाच्या उच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये तिथलं कलम कायम ठेवलं. आज ‘आमची संस्कृती’ म्हणून जे जपलं जातंय, ते लंडनच्या सत्तेने कलकत्त्यात लिहवून घेतलेलं वाक्य आहे.

आयात तिथे थांबली नाही. मार्च २००९ मध्ये स्कॉट लाइव्हली हा अमेरिकी धर्मप्रचारक कंपालात परिसंवाद घ्यायला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात डेव्हिड बहाती या खासदाराने युगांडाच्या संसदेत समलैंगिकताविरोधी विधेयक मांडलं. युगांडातल्या संघटनेने लाइव्हलीवर २०१२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये खटला भरला. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो काढून टाकला, पण त्याच निकालात लाइव्हलीच्या वागण्याची कडक शब्दांत निंदा केली. परकीय हस्तक्षेपाची ज्यांना चीड आहे, त्यांनी ही चीड या बाजूलाही वळवावी, एवढंच माझं मागणं आहे.

आणि कॅस्टर सेमेन्याचं काय? दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतातल्या खेड्यातली ही मुलगी. घरच्यांनी आणि गावाने तिला मुलगी म्हणून वाढवलं, ती स्वतःला स्त्रीच म्हणते. २००९ मध्ये बर्लिनला ८०० मीटरमध्ये जगज्जेती झाली आणि लगेच तिच्या शरीराची तपासणी जगभरच्या वर्तमानपत्रांचा विषय झाली. शरीरात नैसर्गिकपणेच जास्त असलेलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत अधिक आढळणारं संप्रेरक) औषधांनी उतरवा नाहीतर धावू नका, हा २०१८ चा नियम मोनॅकोत बसलेल्या जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने केला आणि २०१९ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने तो उचलून धरला. रिओ ऑलिंपिकमध्ये त्या शर्यतीच्या व्यासपीठावर उभ्या असलेल्या तिघी, म्हणजे सेमेन्या, बुरुंडीची फ्रान्सिन नियोन्साबा आणि केनियाची मार्गारेट वाम्बुई, या नियमाच्या कक्षेत आल्या. युगांडाच्या ॲनेट नेगेसावर २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. आपल्याला तिचे परिणाम नीट समजावून सांगितलेच नव्हते, असं तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. महासंघाने आपला संबंध नाकारला. आपल्या ओडिशाच्या द्युती चंदने अशाच नियमाविरुद्ध २०१५ मध्ये लवादात दाद मागून तो तात्पुरता थांबवला होता, म्हणून हे दुखणं आपल्याला परकं वाटू नये. आफ्रिकी मुलीचं शरीर कसं असावं हे युरोपातून ठरवलं गेलं, आणि त्याला विरोध करायला दक्षिण आफ्रिकेचं सरकारही तिच्या पाठीशी उभं राहिलं.

तिसरा तुकडा : ‘परदेशी पैशाने वरून लावलेल्या संस्था.’

याचं उत्तर म्हणून मी सॅली ग्रॉस यांच्याबद्दल सांगेन. जन्म १९५३, केप टाउनजवळचं ज्यू कुटुंब. मुलगा म्हणून वाढवल्या गेल्या. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं काम केलं, देश सोडावा लागला. कॅथलिक धर्म स्वीकारलेल्या त्या पुढे डोमिनिकन पंथात धर्मगुरू झाल्या. चाळिशीच्या आसपास आपलं शरीर इंटरसेक्स आहे हे वैद्यकीय तपासण्यांतून पक्कं झालं आणि धर्मगुरूपद गेलं. मायदेशी परतल्यावर ओळखपत्रासाठी सरकारी कार्यालयाशी झगडावं लागलं. या बाईंनी इंटरसेक्स साउथ आफ्रिका ही संस्था उभी केली आणि कायदा करणाऱ्यांच्या मागे लागून एक छोटी दुरुस्ती करवून घेतली : समतेच्या कायद्यातल्या ‘लिंग’ या व्याख्येत इंटरसेक्सही येतं. साल २००५. भेदभावविरोधी कायद्यात इंटरसेक्सचा असा उल्लेख जगात त्याआधी कुठेच नव्हता. ऑस्ट्रेलियाने तो २०१३ मध्ये केला, माल्टाने २०१५ मध्ये. म्हणजे या बाबतीत आफ्रिका पुढे होती आणि पाश्चात्य देश मागून आले. परकीय पैशाच्या राशीवर बसल्याचा आरोप ज्यांच्यासारख्यांवर होतो, त्या सॅली ग्रॉस फेब्रुवारी २०१४ मध्ये आजारपणात आणि पैशांच्या चणचणीत, एकट्या वारल्या.

इतर संस्थाही अशाच स्वतःच्या अडचणीतून उगवल्या आहेत. २००५ मध्ये केप टाउनला सुरू झालेली जेंडर डायनामिक्स ही फक्त पारलिंगी माणसांच्या हक्कांसाठी काम करणारी आफ्रिकेतली पहिली संस्था. युगांडात ज्युलियस काग्वा यांनी उभी केलेली एसआयपीडी ही इंटरसेक्स माणसांसाठीची संस्था गावोगावच्या सुइणी, आया आणि बाळांच्या आजींपर्यंत पोचते, कारण ‘वेगळं’ बाळ झालं की शापाचं खापर बहुतेक वेळा आईवर फुटतं. केनियात ऑड्री म्बुगुआ यांची अडचण अगदी साधी होती. शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि समोर उभी असलेली बाई जुळत नव्हती, त्यामुळे पदवी असून नोकरी मिळेना. त्या न्यायालयात गेल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने परीक्षा मंडळाला नाव बदलून, लिंगाची खूण काढून नवं प्रमाणपत्र द्यायचा आदेश दिला. त्यांच्या ट्रान्सजेंडर एज्युकेशन अँड ॲडव्होकसी या संस्थेला तर सरकार नोंदणीच देत नव्हतं. तीही त्याच वर्षी न्यायालयाकडून मिळवली. ज्याला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावरचं एक चुकलेलं अक्षर दुरुस्त करायला हेलपाटे घालावे लागलेत, त्याला या लढ्याचं मोल वेगळं सांगायला नको.

परदेशी निधी येतो का? येतो, आणि तो लपवायचं कारण नाही. एचआयव्हीची औषधं, मलेरियाच्या मच्छरदाण्या, लसीकरण यांतलाही मोठा वाटा त्या देशांत परदेशी मदतीतूनच आला आहे, आणि म्हणून मलेरिया हे पाश्चात्य कारस्थान आहे असं कुणी म्हणत नाही. निधी कुणी वाटायचा यावरही तिथे विचार झालेला आहे. नैरोबीचा उहाई हा निधी पूर्व आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यांनी उभा केला आणि पैसे कुणाला द्यायचे हे चळवळीतलीच माणसं बसून ठरवतात. परावलंबनाची किंमत काय असते हे मात्र जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकेने मदत गोठवली आणि दक्षिण आफ्रिकेत एका विद्यापीठाच्या संशोधन संस्थेतर्फे चालणारे पारलिंगी रुग्णांचे दवाखाने बंद झाले. रुग्ण मात्र तिथेच राहिले, कारण ते कुणी पाठवलेले नव्हते.

चौथा तुकडा : ‘मुलांवर शस्त्रक्रिया करायला लावतात.’

हा आरोप वस्तुस्थितीच्या बरोबर उलट आहे. इंटरसेक्स संस्थांची सगळ्यात जुनी, सगळ्यात आग्रही मागणी आहे : जिवाला धोका नसेल तर बाळाच्या जननेंद्रियांवर सुरी चालवू नका, त्याला मोठं होऊन स्वतः ठरवू द्या. २००९ मध्ये नैरोबीच्या केन्याटा राष्ट्रीय रुग्णालयात एक बाळ जन्मलं आणि त्याच्या कागदावर लिंगाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं गेलं. त्या प्रश्नचिन्हामुळे मूल पाच वर्षांचं होईपर्यंत जन्मदाखला मिळाला नाही. आई न्यायालयात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायमूर्ती लेनाओला यांनी सरकारला अशा मुलांच्या नोंदणीची आणि शस्त्रक्रियांबाबतच्या नियमांची पावलं उचलायला सांगितलं. त्यातून पुढे २०१७ चं सरकारी कृतिदल आलं, जनगणनेतला तो पर्याय आला, आणि २०२२ च्या बालक कायद्यात इंटरसेक्स मुलांचे हक्क लिहिले गेले. या साखळीच्या टोकाशी लेकरासाठी दाखला मागणारी एक आई आहे. तिला परकीय हस्तक म्हणण्याची हिंमत कुणी करून दाखवावी.

पाचवा तुकडा : ‘खरी आफ्रिका हे नाकारते.’

यात सत्याचा अंश आहे. युगांडाच्या मे २०२३ च्या समलैंगिकताविरोधी कायद्यात काही गुन्ह्यांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो बहुतांशी कायम ठेवला. लोकमतही अनेक देशांत विरोधात आहे. पण ५४ देशांचा खंड एका तोंडाने बोलत नाही. बोट्स्वानाच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका पारलिंगी पुरुषाच्या आणि त्यानंतर काही आठवड्यांत रिकी क्गोसिताऊ या पारलिंगी स्त्रीच्या बाजूने निकाल देऊन सरकारला ओळखपत्रावरचं लिंग बदलायला लावलं. आफ्रिकी देशांनी मिळून नेमलेल्या, गांबियात बांजुलला मुख्यालय असलेल्या मानवी हक्क आयोगाने २०१४ च्या २७५ व्या ठरावात लिंगओळखीवरून होणाऱ्या हिंसेचा निषेध केला. मार्च २०२३ च्या ५५२ व्या ठरावात तर इंटरसेक्स व्यक्तींवर संमतीशिवाय होणाऱ्या शस्त्रक्रिया थांबवा, असं सदस्य देशांना बजावलं. या आयोगावर बसणारे आयुक्त आफ्रिकी देशांचे नागरिक असतात आणि त्यांची निवड आफ्रिकी संघ करतो.