अंबाझरीतला तो ‘हमिंगबर्ड’ नव्हे, पतंग आहे

दोन दिवसांपासून आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय: ‘अंबाझरीत हमिंगबर्ड आला!’ खाली कुणीतरी जोडलंय, ‘आपला शिंजीर म्हणजे हमिंगबर्डच ना.’ दोन्ही चूक.

हमिंगबर्डच्या ३०० हून जास्त जाती आहेत, पण सगळ्या अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवर. नागपुरात कुठून येणार? व्हिडिओतला जीव हॉक मॉथ आहे, म्हणजे पतंग या फुलपाखरासारख्या कीटकाचा एक प्रकार. व्हिडिओ थांबवून डोकं बघा. दोन मिशा स्पष्ट दिसतात. पक्ष्याला मिशा असतात का? अन् जी चोच वाटते ती सोंड. घाणेरीच्या फुलातून निघाली की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते. शेपटीचा झुपकाही पिसांचा नाही, केसांसारख्या खवल्यांचा.

शिंजीर मात्र खराखुरा पक्षी, सुमारे १० सेंटिमीटरचा, गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला. विणीच्या दिवसांत नर काळा-जांभळा चकाकतो. मादी वरून तपकिरी, पोटाला पिवळी. शिंजीरही कधीकधी हवेत थरथरतो, पण बहुतेकदा फांदी धरूनच मध पितो. आमच्या जास्वंदीला तर बुडाशी भोक पाडून चोरतो लेकाचा! हॉक मॉथ बसत नाही. अधांतरीच पितो अन् सटकतो.

मीही पहिल्यांदा फसलो होतो, मोबाईल घेऊन धावलो होतो. व्हिडिओ खरा आहे, फक्त वरची ओळ बदलून पाठवा.