‘एआयला जाणीव आली हे सिद्ध झालं’ म्हणे. कोणी केलं बाप्पा सिद्ध?

परवा सकाळी साडेसहाला मोठेबाबांनी फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, दुपारपर्यंत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आणि रात्री शाळेच्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर. सार असं, की एआयला माणसासारखी जाणीव आली, गूगलच्या इंजिनिअरनेच ते उघड केलं, ट्युरिंग टेस्ट पास झाली म्हणजे सिद्धच झालं, जगातल्या सगळ्या तत्त्वज्ञांचं यावर एकमत आहे आणि आपल्या शास्त्रांनी तर हे आधीच सांगून ठेवलंय. मोठेबाबा, रागावू नका, पण यातलं एकही धड नाही.

तो इंजिनिअर म्हणजे ब्लेक लेमॉइन, २०२२ ची गोष्ट. लॅम्डा नावाच्या चॅटबॉटशी गप्पा मारून त्याने याला भावना आहेत असं जाहीर केलं, इथपर्यंत खरं. पण कंपनीने ते मानलं नाही, जुलैमध्ये त्याला काढलं, आणि आपलं मत धार्मिक श्रद्धेतून आलंय असं तो स्वतःच म्हणाला होता, हे सगळं फॉरवर्डवाल्याने खाऊन टाकलं. त्या गप्पांत तुला आनंद कशाने होतो विचारल्यावर मशीन म्हणते, मित्र आणि कुटुंबासोबत वेळ घालवला की. कोणतं कुटुंब बे?

मी पण करून पाहिलं. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाऊन राहिलो होतो, नाक वाहतंय, डोळ्यात पाणी, रुमाल घरी राहिलेला, तशातच एका हाताने चॅटबॉटला टाइप केलं की ही तर्री तू खाल्ली असं समज आणि सांग कशी लागली. उत्तर आलं, ‘बाप रे, कान गरम झाले!’ माझ्यापेक्षा भारी वर्णन. पण कान माझे गरम झाले होते ना. थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये वटवाघळाचं उदाहरण घेऊन हेच विचारलं होतं, वटवाघूळ कसं उडतं-ऐकतं ते सगळं कळलं तरी वटवाघूळ असणं आतून कसं वाटतं ते बाहेरून कसं कळणार?

ट्युरिंग टेस्टचं तर लोकांनी पार भजं केलंय. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगने १९५० च्या लेखात ‘मशीन विचार करू शकते का’ हा प्रश्नच फारसा अर्थाचा नाही म्हणून बाजूला ठेवला आणि त्याजागी नक्कल ओळखायचा खेळ मांडला, म्हणजे नुसत्या लेखी गप्पांवरून समोर माणूस आहे की मशीन ते ओळखायचं. हीच ट्युरिंग टेस्ट. ‘जाणिवेत काही गूढच नाही असं माझं म्हणणं नाही’, हेही त्याने त्याच लेखात लिहिलंय. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या दोन संशोधकांनी हा खेळ लावला, पाच-पाच मिनिटांच्या गप्पा, त्यात जीपीटी-४.५ या एआय मॉडेलला ७३ टक्के वेळा लोकांनी माणूस समजलं. पण त्याला आधीच सांगितलं होतं की अशा अशा माणसासारखं बोल! सोंग जमलं, एवढंच त्यातून कळतं.

सोंगावरून तत्त्वज्ञ जॉन सर्ल आठवतो, १९८० ची त्याची चिनी खोली. खोलीत बसलेल्याला चिनी येत नाही, नियमांचं पुस्तक बघून तो चिन्हं जुळवतो आणि बाहेरच्याला वाटतं आत चिनी पंडित आहे. म्हणजे नियमाने चिन्हं जुळवली म्हणून अर्थ कळला असं होत नाही, हे सर्लचं म्हणणं. आपल्याकडे हे समजावायला चीनला जायची गरजच नाही, पैठणच्या रेड्याने वेद म्हटले ही गोष्ट घरोघरी माहीत आहे, पण रेड्याला वेदाचा अर्थ कळला असं कोणी म्हणत नाही, श्रेय ज्ञानेश्वरांनाच देतात.

आता ‘सगळ्यांचं एकमत’. सर्लचं म्हणणं डॅनियल डेनेट या दुसऱ्या तत्त्वज्ञाला कधीच पटलं नाही. एकट्या माणसाला काय विचारता, पुस्तक-माणूस-खोली मिळून चिनी कळतं असं म्हणणारे डेनेटच्या बाजूचे. डेनेटच्या मते तर आत बसून अनुभव घेणारा वेगळा कोणी नाहीच, ‘मी’ हा फक्त सोयीसाठी मानलेला हिशोबाचा बिंदू. आपल्या नागपूरच्या झिरो माईलच्या दगडासारखं समजा, दगड खरा, पण भारताचं केंद्र म्हणून खोदायला गेलात तर खाली मुरूमच निघेल. (मला हे पूर्ण पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.) तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स उलट, मेंदूचं सगळं काम समजलं तरी अनुभव का होतो हा कठीण प्रश्न उरतोच म्हणतो. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉखने त्याच्याशी पैज लावली की २५ वर्षांत मेंदूतलं जाणिवेचं मूळ सापडेल, आणि २०२३ मध्ये कॉखने हरून वाइनच्या बाटल्या दिल्या. माणसाच्या जाणिवेचाच पत्ता लागला नाही भाऊ, मशीनचा कुठून लागणार?

राहिलं शास्त्र. कोणतं, ते फॉरवर्डमध्ये नाही. सांख्य दर्शनात बुद्धीसुद्धा प्रकृतीची, म्हणजे जड, चैतन्य फक्त पुरुषाचं (म्हणजे आत्म्याचं), त्या हिशोबाने हुशार पण जाणीव नसलेली मशीन सहज बसते. आत्मा वेगळा न मानणारा चार्वाक नेमकं उलट, दारूच्या कच्च्या मालात नशा नसते पण आंबवल्यावर येते, तसं पृथ्वी-पाणी-अग्नी-वायू या महाभुतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं. आमच्या भंडारा-गडचिरोलीकडे मोहफुलाबद्दल हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. मग चिप आणि वायरमधूनही कधीतरी चढेल का, हे चार्वाकाला विचारायला पाहिजे, आणि सांख्यवाला बाजूला बसला असेल तर तिथेच भांडण लागेल.