‘विमान आणि माईकची मोट’: एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

ज्याँ रन्वार या फ्रेंच सिनेदिग्दर्शकावरच्या माझ्या लेखाखाली एका अनामिक साहेबांनी प्रतिक्रिया टाकलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं की रन्वार पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी करायचा आणि पुढे बोलपट आल्यावर त्याने जागेवरच्या खऱ्या आवाजाचा हट्ट धरला, या दोन गोष्टींचा काडीचा संबंध नाही, मी तो ओढूनताणून लावलाय. १९३१ साली जागेवरचा आवाज घेणं हा हट्ट नव्हताच, दुसरा इलाज नव्हता म्हणून घेत होते. फ्रेंच नावं मी चुकीची लिहिलीत. आपली प्रभात फिल्म कंपनी सोडून फ्रान्सवर कशाला लिहायचं. आणि मग शेवटचं वाक्य, जसंच्या तसं देतो: “चार ठिकाणचं वाचून विमान आणि माईकची मोट बांधली आहे, लेखकाने आयुष्यात कधी माईक हातात धरला असेल असं वाटत नाही.”

बरं. मग शेवटापासूनच सुरू करू.

साहेब, माईक हातात धरतात ते निवेदक आणि लग्नात गाणं म्हणायला उठलेले काका. साउंडवाला बूम धरतो, म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माईक. मी धरलाय, मालिकांच्या सेटवर, उमेदीची वर्षं त्यात गेलीत, उजव्या खांद्याची जी काय अवस्था आहे ती त्याचीच देणगी. दोन्ही हात डोक्यावर, माईक फ्रेमच्या काठाच्या जेमतेम वर, कॅमेरामन ओरडणार ‘बूम इन’, म्हणजे माईक फ्रेममध्ये दिसतोय, नट वाक्य विसरणार, परत पहिल्यापासून, आणि सगळं जुळून आलं की नेमकं वरून विमान जाणार. मुंबईत ज्यांनी मढला किंवा गोरेगावला काम केलंय त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल, आणि पुण्यात लोहगावच्या बाजूला लोकेशन असेल तर विचारूच नका, सुखोई निघाली की अख्खं युनिट चहा प्यायला मोकळं. मग दिग्दर्शक म्हणणार, “जाऊ दे रे, डबिंगला बघू.” ते ऐकून साउंडवाल्याच्या पोटात काय होतं हे तुम्हाला माहीत असतं तर ते वाक्य तुमच्याकडून टाईपच झालं नसतं.

एका निर्मात्याने तर मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं की आवाज काय नंतर पण मिळतो, ऊन मिळत नाही. नाव घेत नाही. पण त्या दिवशी तो सीन जसा झाला तसा डबिंगला कधीच झाला नाही, हे त्याच्या एडिटरनेच मला नंतर सांगितलं. तर माईक धरलाय का हा प्रश्न मला विचारू नका. दुसरं काहीही विचारा.

आणि विमान, माईक यांची मोट मी बांधलीय म्हणता? ती मोट खुद्द रन्वारच्या आयुष्याने बांधलेली आहे हो. १९३४ मध्ये तो दक्षिण फ्रान्समध्ये मार्तिगला ‘टोनी’ हा सिनेमा करत होता. मार्सेल पान्योल या निर्माता-दिग्दर्शकाच्या कंपनीचं पाठबळ, स्टुडिओ जवळपास नाहीच, कामाला आलेले इटालियन-स्पॅनिश मजूर, खाणीतले दगड, गावातलीच बरीचशी माणसं, आणि आवाज सगळा तिथल्या तिथे घ्यायचा. जवळच इस्त्रचा लष्करी विमानतळ. वैमानिकांना कळलं खाली सिनेमा चाललाय, मग काय, घिरट्या घालायला लागले शूटिंगवर. टेकमागून टेक वाया. शेवटी रन्वार तक्रार करायला तळाच्या प्रमुखाकडे गेला, आणि खुर्चीत कोण बसलेलं, तर आर्मां पॅंसार! महायुद्धात रन्वारच्या संथ कॅमेरेवाल्या विमानामागे जर्मन फायटर लागलं होतं तेव्हा मध्ये पडून त्याला वाचवणारा तोच पॅंसार. पुढे संध्याकाळी जेवणावर बसून पॅंसारने जर्मन कैदेतून पळून येण्याच्या कथा सांगितल्या आणि त्यातूनच १९३७ चा ‘ला ग्रांद इल्युझियों’ हा युद्धकैद्यांवरचा सिनेमा उभा राहिला. त्यात जाँ गाबँने जो वैमानिकाचा कोट घातलाय तो रन्वारचा स्वतःचा युद्धातला कोट आहे.

आता सांगा. विमानांनी आवाज बिघडवला म्हणून भांडायला गेलेला माजी वैमानिक, आणि समोर त्याचा जीव वाचवणारा वैमानिक. एवढं सगळं मूळ लेखात होतं, खालच्या अर्ध्यात. साहेब तिथपर्यंत पोचले असतील का याची मला शंका आहे, पण असो, लांब लेख सगळ्यांनाच झेपतात असं नाही.

एक मान्य करतो, म्हणजे मी हेकट आहे असं कुणी म्हणायला नको. लेखाचं शीर्षक जरा भडक होतं. ‘ढगातून आलेला कान’ वगैरे. ते साधं ठेवता आलं असतं. बदलतो. पण शीर्षक भडक आहे म्हणून आतला माल खोटा ठरत नाही, आणि ते सांगायचीही एक पद्धत असते. “शीर्षक पटलं नाही” असं लिहिलं असतंत तर मी त्याच संध्याकाळी बदललं असतं आणि आभारही मानले असते. तुम्ही मात्र थेट लायकी काढलीत.

मी असं कुठेही म्हटलेलं नाही की इंजिनाच्या घरघरीत बसून रन्वारला आवाजाची जाण आली. उघड्या विमानात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही हे मलाही कळतं, खुणांवर काम चालायचं. मी म्हटलं ते वेगळंच. हा माणूस आधी घोडदळात होता, मग पायदळात गेला, १९१५ मध्ये मांडीत गोळी लागली, जन्मभर लंगडला, आणि त्या पायानिशी विमानदलात शिरला, आधी निरीक्षक म्हणून आणि मग पायलट म्हणून. काम काय, तर शत्रूच्या खंदकांचे वरून फोटो काढायचे. त्या कामात नंतर बघू चालत नाही. जे खाली आहे ते त्याच दिवशी, त्याच उंचीवरून प्लेटवर आलं पाहिजे, कारण त्याच्या भरवशावर दुसरी माणसं मरायला निघणार असतात. असं काम केलेला माणूस पुढे जागेवरचा आवाज सोडून स्टुडिओत बनवलेला आवाज चिकटवायला तयार होत नाही, याचं मला नवल वाटत नाही. तुम्हाला वाटतं. वाटू दे. रन्वारने स्वतः हे दोन धागे असेच जोडलेत असा दावा मी केला नव्हता, तो माझा अंदाज होता, आणि ब्लॉगवर अंदाज मांडायला परवानगी लागते हे मला माहीत नव्हतं.

आता इलाज नव्हता म्हणून हा मुद्दा. हो, १९३१ मध्ये दोन-तीन ट्रॅक एकत्र करायला गेलं की आवाजाची वाट लागायची, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण इलाज नाही म्हणून सगळे काय करत होते? स्टुडिओत दारं लावून बसत होते. हा गडी ‘ला शिएन’ या त्याच वर्षीच्या सिनेमासाठी मोंमार्त्रच्या रस्त्यावर उतरला, आजूबाजूचा गोंगाट अडवायला पडदे आणि गाद्या लावल्या. जोसेफ द ब्रतान्य आणि मार्सेल कुर्म हे त्याचे साउंडवाले. त्यातला खुनाचा प्रसंग आठवा. खाली रस्त्यावर गाणारा उभा, भोवती गर्दी, गाणं चालू, आणि वर खोलीत नायक, म्हणजे नट मिशेल सिमों, आपल्या प्रेयसीला संपवतो. गाणं थांबत नाही. ते गाणं स्टुडिओत बसून स्वच्छ करून वर ओतलं असतं तर त्या प्रसंगाचा काटा आला असता का?

त्याच वर्षी आधी ‘ऑं प्युर्ज बेबे’ केला होता, निर्मात्यांना दाखवायला की मी झटपट आणि स्वस्तात बोलपट करू शकतो, विनोदी नट फेर्नांदेलच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी तो एक. त्यात संडासची साखळी ओढल्याचा आवाज हवा होता, तर याने खऱ्या संडासची साखळी ओढून घेतला, आणि ते त्या काळी लोकांना भयंकर वाटलं. खोटा आवाज काढणं सोपं होतं की. म्हणजे इलाज होता. त्याने घेतला नाही. ‘टोनी’च्या वेळेपर्यंत तर डबिंग सर्रास चालू झालं होतं, तरी तो उन्हात माईक लावून विमानं जायची वाट बघत बसला. डबिंगबद्दल त्याचं म्हणणं काय होतं माहितीये ना, बाराव्या शतकात असतो तर असं करणाऱ्यांना पाखंडी म्हणून चौकात जाळलं असतं. एका देहात दुसऱ्याचा आत्मा बसवणं, त्याच्या लेखी इतकं मोठं पाप होतं ते. साहेब, नाइलाज म्हणून काम करणारा माणूस इतका संतापत नाही.

द ब्रतान्यबद्दल अजून लिहायचंय खरंतर. ‘ला शिएन’पासून ‘ला ग्रांद इल्युझियों’, १९३९ चा ‘रुल्स ऑफ द गेम’, आणि मग १९५० च्या दशकात ‘गोल्डन कोच’, म्हणजे मध्ये आख्खं दुसरं महायुद्ध आणि रन्वारचा अमेरिकेतला मुक्काम होऊन गेला तरी माणूस परत तोच. साउंडवाल्यावर इतका जीव लावणारे दिग्दर्शक मी तरी फार पाहिले नाहीत. पण ते नंतर.

फ्रेंच नावांचं म्हणाल तर देवनागरीत त्यांचं काय करायचं यावर दोन माणसांचं कधी एकमत झालेलं नाही, तो वाद मी घालणार नाही.

आणि प्रभात. कोल्हापूरचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा, मला माहीत आहे, त्यावर लिहीनही. मुंबईत ‘आलम आरा’च्या वेळी अर्देशिर इराणींनी शेजारच्या रेल्वेच्या आवाजामुळे रात्री गाड्या थांबल्यावर शूटिंग केलं, हेही माहीत आहे. म्हणजे तिकडे विमान आणि इकडे रेल्वे, दुखणं एकच. पण कशावर लिहायचं हे मी ठरवणार. दुसऱ्याच्या ब्लॉगवर येऊन फर्माईश करायची आणि वर अनामिक राहायचं, हे मला तरी जमलं नसतं.

तुम्हाला खरंच बोलायचं असेल तर ‘टोनी’ हेडफोन लावून बघा, सबटायटल बंद करून, फ्रेंच कळत नसलं तरी चालेल, आणि मग सांगा कुठे काय खोटं वाटलं ते. मिनिट-सेकंदासकट सांगा, मी उत्तर देईन. फक्त या वेळी स्वतःच्या नावाने लिहा. निनावी प्रतिक्रिया उद्यापासून बंद करतोय.