दोन मिनिटांची सरासरी

आमच्या लहानपणी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा गळून पडायची. पेपर संपलेले, मास्तर गठ्ठ्यांच्या आड गेलेले, आणि आम्ही कर्कटकाने बाकावर स्वतःचं नाव कोरत बसलेलो. तेही अर्धवट. पुढल्या वर्षी त्या बाकावर बसणाऱ्याला 'प्रशां' एवढंच वाचायला मिळालं असेल. उरलेल्या 'त'साठी माझ्यात जीव नव्हता.

माझ्या मुलीच्या शाळेत एप्रिल आला की कुणीतरी चावी भरतं. सई चौथीत आहे. तिच्या शाळेत नंबर काढत नाहीत, छडी नाही, घंटाही नाही, आणि काय शिकायचं हे बरंचसं मुलंच ठरवतात. शिक्षिकांना ताई म्हणायचं. या ताई कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पटकन देत नाहीत, "तुला काय वाटतं?" असं विचारतात. प्रवेशाच्या वेळी हे ऐकून मी भारावलो होतो. आता सकाळी माझे मोजे कुठे आहेत असं विचारल्यावर आतल्या खोलीतून "तुला काय वाटतं?" येतं, तेव्हा तितकासा भारावत नाही.

वर्षाच्या शेवटी तिथे 'मांडणी' असते. जानेवारीत प्रत्येक मुलाने आपल्याला पडलेला एक प्रश्न निवडायचा, तीन महिने त्याच्या मागे लागायचं आणि एप्रिलातल्या एका शनिवारी जे सापडलं ते सगळ्या पालकांपुढे मांडायचं. कुणी 'कावळे रात्री कुठे जातात' घेतं, कुणी 'आमच्या वाड्यातली विहीर का आटली'. गेल्या वर्षी एकाने 'झुरळ डोक्याशिवाय किती दिवस जगतं' हा प्रश्न घेतला होता. त्याच्या आईशी बोलताना मी अजूनही हवापाण्यापलीकडे जात नाही.

सईने आपला प्रश्न आम्हाला सांगितला नाही. "सांगितलं तर आकडे बिघडतील," एवढंच म्हणाली. साडेनऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून असं शास्त्रीय वाक्य ऐकून मला इतका अभिमान वाटला की पुढचं विचारायचंच राहिलं. माझं चुकलं ते तिथे.

मार्च उजाडला आणि घरात पुठ्ठे वाढू लागले. कोपऱ्यावरच्या दुकानातून फ्रिजचा रिकामा खोका आला, तो हॉलमध्ये उभा राहिला आणि पाहुणे त्याच्याशी अदबीने वागू लागले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला "थर्माकोल चालेल का?" अशी विचारणा झाली. कुणीतरी सांगितलं, थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. त्यावर तिसऱ्याने विचारलं, "घरात २०१७ चा असेल तर?" सूचना मात्र एकच आणि ठळक अक्षरांत होती: पालकांनी हात लावायचा नाही.

हे वाचायला सोपं आहे. तुमचं मूल तक्त्यावर रेघा मारतंय, पट्टी सरकतेय, रेघ उजवीकडे जाता जाता नाशिकहून सिन्नरला वळतेय, आणि तुम्ही सोफ्यावर हातांच्या घड्या घालून बसायचं. मी बसलो. दहा दिवस बसलो. अकराव्या रात्री सई झोपल्यावर उठलो आणि फक्त एक, खालची आडवी रेघ तेवढी सरळ करून ठेवली.

सकाळी ती दात घासता घासता तक्त्यापुढे थांबली.

"बाबा, ही तू मारलीस?"

"कुठली?"

"ही. सरळ आहे."

तिने खोडरबर आणलं, माझी रेघ पुसली, पट्टी लावली आणि पुन्हा सिन्नरला नेली. "ताईंना सरळ रेघ लगेच कळते," म्हणाली. मी आयुष्यभर सरळ रेघेसाठी मार खाल्लेला माणूस. सरळ रेघ मारल्याबद्दल पकडला गेलो तो पहिल्यांदाच.

या सगळ्या धुमश्चक्रीत एकटी माझी आई शांत होती. ती डहाणूकडच्या बालवाडीत शिकवायची. तिचं प्रशिक्षण कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या हाताखाली झालेलं. त्यामुळे मी शाळेच्या पद्धतीचं कौतुक सुरू केलं की ती चष्मा पुसायला घेते. "अरे, ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला हेच सुरू केलं. पुढे कोसबाडला गेलो तेव्हा पोरं यायचीच नाहीत शाळेत, गुरं राखायला जायची. मग शाळाच नेली गुरांच्या मागे. कुरणशाळा म्हणायचो आम्ही. मॉन्टेसरीचं साहित्य परवडायचं कुणाला? चिंचोके, शिंपले, खडे, पानं. पोर खड्यांशी काय करतंय ते बघायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं. तेवढंच अवघड." मग चष्मा डोळ्यांवर चढवून विचारते, "तुम्ही याचे वर्षाला किती भरता म्हणालास?"

ती दोन वेळा विचारते. आकडा तिला पाठ आहे.

शेजारच्या काकूंचा प्रश्न वेगळा. त्या जिन्यात भेटल्या की "कितवी आली?" असं विचारतात. नंबर नसतो म्हटल्यावर त्या आवाज खाली आणून, सहानुभूतीने, "असू दे, पुढच्या वर्षी येईल," म्हणतात.

मांडणीच्या सकाळी आणखी एक प्रकार झाला. सईची जूनमध्ये घेतलेली पॅन्ट घोट्याच्या वर चार बोटं राहिली. मी वॉशिंग मशीनला दोष दिला, गरम पाणी, कापड आटतं वगैरे. आईने पॅन्टकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कापड आटलं नाही रे. पोर वाढली." बायको म्हणाली, "आठवडाभर सांगतेय मी." मला आठवेना. बहुधा मी तेव्हा सोफ्यावर हातांच्या घड्या घालून बसलो होतो.

शाळेत पोचलो तर मैदानभर ऊन आणि आवाज. एप्रिलमधली चाळीस मुलं, कुणाच्याही अंगात मरगळ नाही. विहीरवाला पोहरा घेऊन पळतोय, कावळेवाली काव काव करून लोकांना आपल्या टेबलाकडे ओढतेय. सगळ्या पॅन्टी आखूड. मला जरा बरं वाटलं.

सईच्या टेबलावर फ्रिजचा खोका आडवा केलेला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'दोन मिनिटं म्हणजे किती मिनिटं?'

खाली बारीक अक्षरांत: 'मोठी माणसं "दोन मिनिटं थांब" म्हणतात. मी घड्याळ लावून ९० दिवस मोजलं. एकूण नोंदी ११२.'

माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात आसपास दहाबारा पालक जमले. लोकांना दुसऱ्याच्या घरातलं काही असलं की लगेच कळतं.

तक्ता स्तंभालेखाचा होता. सगळ्यात डावीकडे आजी: १ मिनिट ५० सेकंद. स्तंभ जेमतेम बोटभर. मग पाकिटातल्या नूडल्स: ६ मिनिटं. रिक्षावाले काका: ९ मिनिटं. आई: ११ मिनिटं, कंसात 'आई खरंच कामात असते'. बँकेतल्या काकांच्या जागी स्तंभच नव्हता, 'खिडकी बंद झाली' अशी टीप होती. आणि सगळ्यात उजवीकडे, सिन्नरकडे झुकलेला, लाल रंगाचा एक मनोरा. बाबा: ४७ मिनिटं.

"लाल का गं?" मी हळूच विचारलं.

"हिरवा संपला. खूप लागला असता."

तिने छडीने एकेक स्तंभ दाखवत सगळं समजावलं. सरासरी कशी काढली ते सांगितलं. मग म्हणाली की सरासरीत एक घोळ असतो, म्हणून ताईंनी मध्यक शिकवला. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावायचे आणि मधला उचलायचा. "सरासरी एका आळशी माणसामुळेही बिघडते. मध्यक नाही बिघडत." मी बी.कॉम. आहे. तीन वर्षं संख्याशास्त्र रेटलं, पण मध्यक कशाला असतो हे इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मागे एक गृहस्थ मान डोलावत म्हणाले, "उदाहरण चांगलं निवडलंय."

तक्त्याच्या कोपऱ्यात एक चौकट होती. 'ही नोंद हिशोबात घेतलेली नाही. घेतली तर कागद पुरत नाही.' त्याखाली: 'पाडव्याला दाराच्या चौकटीवर उंची मोजणे. बाबा म्हणाले दोन मिनिटं. आजपर्यंत २३ दिवस. मोजणी चालू आहे.'

आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराला पेन्सिलीच्या खुणा आहेत, दर पाडव्याची एक. गुढीला साखरेची गाठी बांधून झाली की सईने भिंतीला टाच लावून उभं राहायचं, मी डोक्यावर पट्टी आडवी धरायची. हे खातं माझ्याकडे आहे. यंदा गुढी उभारली, श्रीखंड झालं, एक फोन आला, आणि मी तिला दोन मिनिटं म्हणालो. ती चौकटीपाशी टाच लावून उभी होती, हे मला त्या तक्त्यापुढे आठवलं.

मांडणीनंतर पालकसभा. ती मूलच चालवतं. सई ताईंच्या खुर्चीत, आम्ही दोघं समोरच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून, आणि ताई बाजूला सतरंजीवर, तोंड बंद ठेवून, कोसबाडच्या रीतीने. सईने वही उघडली. "मला काय जमलं: मोजणं, विचारणं, न सांगता थांबणं. काय जमलं नाही: भागाकार करताना मी चिडते आणि दार आपटते." पान उलटलं. "पुढच्या वर्षीचं ठरवलंय: हळू आपटणार."

मग वही मिटून म्हणाली, "आता तुम्ही सांगा. या वर्षी तुम्हाला काय जमलं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी ताईंकडे पाहिलं. ताईंच्या चेहऱ्यावर 'तुम्हाला काय वाटतं?' स्पष्ट लिहिलेलं होतं. बाहेर कावळेवाली ओरडत होती. दहावीच्या तोंडी परीक्षेत मला 'घन आणि द्रव यांतला फरक' सांगता आला नव्हता, तसाच घाम फुटला. शेवटी म्हणालो, "एक सरळ रेघ मारली."

"ती पुसली," सई म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

घरी आल्यावर मी चपला न काढता आधी पट्टी शोधली. ती तक्ता बांधायला गेली होती, म्हणून आईचं पोळपाट-लाटणं पुढे आलं. लाटणं डोक्यावर आडवं धरून खूण केली. गेल्या पाडव्याच्या खुणेपासून मोजलं तर चक्क सात सेंटिमीटर. मी पुन्हा मोजलं. जुन्या खुणेशी सईची हनुवटी नव्हती, नाक नव्हतं. कपाळाचा वरचा भाग होता. केसांचा चापही तिच्या वरच गेला होता. आईने पेन्सिल घेऊन तारीख घातली आणि पुढे स्वतःच्या अक्षरात '२३ दिवस उशिरा' असं लिहून ठेवलं. शिक्षकी पेशा.

रात्री जेवताना सईने जाहीर केलं की पुढच्या वर्षीचा प्रश्न ठरला आहे. सुट्टीतच आकडे गोळा करायला सुरुवात करायची, म्हणजे जूनपर्यंत निदान दोनशे नोंदी होतील.

"कुठला प्रश्न?" बायकोने विचारलं. पहिल्या वेळचा अनुभव तिच्या गाठीशी होता.

"मोठी माणसं 'बघू' म्हणतात, त्यातलं खरंच किती वेळा बघतात?" तिने भाताचा घास खाली ठेवला. "बाबा, या वेळी मी आधी विचारतेय. घेऊ ना हा विषय?"

मी तोंड उघडलं. सवयीने जिभेवर जे आलं ते दातांपर्यंत पोचलं होतं. समोर आईने चष्मा पुसायला घेतला.

मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळं पाणी प्यायलो.