रानमेव्याला माप लागत नाही, या दाव्याचा प्रतिवाद

करवंदे काळी पडू लागली आणि रातांबे (कोकमाची फळे) लाल झाले की दर उन्हाळ्यात एक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय असा: रानातले फळ निसर्गाने दिलेले असल्यामुळे ते अपाय करत नाही, पक्षी जे खातात ते माणसाला चालते आणि जिभेला गोड लागले तर ते निर्धास्त खावे, कोणतेही रानफळ थोडे मीठ किंवा साखर घालून बरणीत भरले की वर्षभर टिकते, आपल्या आज्या-पणज्यांनी कधी मोजमाप केले नाही, बुरशी आलीच तर वरचा थर काढून टाकावा, बाजारातली टिकाऊपणाची रसायने विषच असतात, आणि रान कोणाच्याच मालकीचे नसल्याने हा सगळा मेवा फुकटचा आहे. रानफळांची ओळख पुढच्या पिढीत टिकावी, ही या संदेशामागची इच्छा मला मनापासून मान्य आहे. त्यातले दावे मात्र बहुतांशी चुकीचे आहेत, आणि त्यांतले काही जिवावर बेतणारे आहेत.

पक्ष्यांचा दावा आधी घेतो, कारण तो सर्वांत पटणारा वाटतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर काजऱ्याचे झाड आढळते, त्यालाच कुचला म्हणतात. त्याची नारिंगी, गोल, दिसायला देखणी फळे धनेश आवडीने खातो. ओडिशात तर या पक्ष्याला ‘कुचिलाखाई’ असेच नाव पडले आहे. त्याच फळाच्या बियांत स्ट्रिक्नीन असते आणि ते माणसाच्या स्नायूंना जीवघेणे झटके आणते. धनेश फळ गिळतो, गर पचवतो आणि बी न फोडता बाहेर टाकतो. माणूस बी चावतो. गुंजेची बीही अखंड गिळली गेली तर तिच्या टणक कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण ती चावली किंवा फोडली गेली तर तिच्यातले अॅब्रिन घातक ठरते. पक्ष्याने फळ खाल्ले यावरून इतकेच कळते की त्या पक्ष्याला ते चालले. झाडाला आपली बी दूरवर पसरवण्यासाठी पक्षी हवा असतो, म्हणून फळ त्याच्यासाठी रंगते. आपल्या पोटाचा विचार त्यात कुठेही नसतो.

गोड चवीच्या दाव्याला मोगली एरंडाचे एकच उदाहरण पुरेसे आहे. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या चविष्ट लागतात, आणि म्हणूनच शाळेच्या आवारात किंवा कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून वारंवार येतात. याच्या उलट, ‘पांढरा चीक निघाला की फळ टाकून द्यावे’ हा सोपा नियमही उपयोगाचा नाही. करवंदाला चीक असतो आणि ते आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत, तर त्याच्याच कुळातल्या पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया हृदयाची गती बिघडवून माणसाला मारू शकतात. रान ओळखणारी माणसे कोणत्याही सरसकट नियमावर विसंबत नाहीत. ती प्रत्येक झाड पानावरून, सालीवरून, काट्यावरून वेगळे शिकतात, आणि कोणता भाग कोणत्या अवस्थेत खायचा हेही शिकतात. बिब्ब्याचे पिकलेले बोंड आणि आतली गोडंबी खाल्ली जाते, पण त्याच बिब्ब्याच्या कवचातले तेल अंगाला लागले तर फोड येतात.

‘कोणतेही फळ, थोडे मीठ किंवा साखर’ या वाक्यात दोन चुका एकत्र बांधलेल्या आहेत. पहिली चूक ‘कोणतेही’ या शब्दात आहे. हवाबंद बरणीत सर्वांत घातक ठरणारा जीवाणू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, पीएच (आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या खाली वाढून विष तयार करू शकत नाही. रातांबा, करवंद, आवळा, कैरी ही फळे त्या रेषेच्या बरीच खाली, म्हणजे चांगली आंबट आहेत, आणि आपल्याकडचे घरगुती टिकवण प्रामुख्याने त्यांच्याभोवती उभे राहिले, यात मला पूर्वजांचे मोठे शहाणपण दिसते. फणस तसा आंबट नाही. म्हणूनच कोकणात कच्चे गरे टिकवताना मीठ इतके घालतात की भाजी करण्यापूर्वी ते पाण्यात भिजवून खारटपणा उतरवावा लागतो. द्रावणातले मीठ सुमारे १० टक्क्यांवर गेले की हा जीवाणू वाढत नाही. त्या गऱ्यांत ‘थोडे’ मीठ घालून घट्ट झाकण लावणे हा खरा धोका आहे, आणि असे विष अन्नात असले तरी वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असे नाही.

दुसरी चूक ‘थोडे’ या शब्दात आहे. आंबट फळाला बोट्युलिनमचे भय नसले तरी यीस्ट आणि बुरशीला आंबटपणाचा फारसा अडथळा होत नाही. त्यांना रोखते ती पाण्याची टंचाई, आणि ती मीठ किंवा साखर भरपूर असेल तरच निर्माण होते. रातांब्याच्या आगळात, म्हणजे मीठ घालून ठेवलेल्या रसात, मीठ साधारण १५ ते २० टक्के असते, म्हणून तो बाटलीत वर्ष काढतो. अमृत कोकमासाठी, म्हणजे कोकमाच्या गोड सरबताच्या पाकासाठी, रातांब्याच्या साली आणि साखर यांचे वजनी प्रमाण १ : २ धरतात, आणि थरावर थर देऊन ठेवल्यावर आठवडाभरात साखर विरघळून पाक सुटतो. भारतीय मानकांप्रमाणे जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ (मुख्यतः साखर) किमान ६५ टक्के असावे लागतात. आरोग्याच्या काळजीने साखर निम्मी करणाऱ्यांचा हेतू योग्यच आहे, पण तसे सरबत शीतकपाटात ठेवून लवकर संपवायचे असते. फडताळात ते आंबते, वायू धरते आणि बाटलीचे झाकण उडवते.

यावर उत्तर येते की आज्या कुठे मोजत होत्या. त्या मोजत होत्या, फक्त ग्रॅममध्ये मोजत नव्हत्या. शेर, मापटे, पायली ही मापेच होती. आमसुले करताना साली आगळात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवून पुन्हा वाळवायच्या, आणि अशी किती पुटे द्यायची हे ठरलेले असे. लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू न देणे, वाळवणाला मळभ आले की सगळे आत घेणे, आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत न ठेवणे, हे सारे मोजमापच आहे. त्या बायकांनी मोजले नाही असे म्हणणे हा त्यांचा गौरव नव्हे, त्यांच्या कौशल्याचा अपमान आहे, आणि मला या संदेशातले हे वाक्य सर्वांत जास्त खुपते.

बुरशीविषयी थोडक्यात सांगतो. वर दिसतो तो थर, पण तिचे तंतू खाली उतरलेले असतात. शिवाय बुरशी फळातले आम्ल खाते, त्यामुळे ज्या आंबटपणाच्या भरवशावर बरणी सुरक्षित होती तोच कमी होतो. पातळ मुरंबा, जॅम किंवा सरबत यांवर बुरशी आली तर सगळे टाकून द्यावे.

रसायनांबाबत संदेशात अर्धे सत्य आहे. पुरेसे मीठ असलेल्या आगळाला किंवा पुरेशी साखर असलेल्या पाकाला वेगळे काही घालावे लागत नाही. परंतु सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणाचे रसायन ज्या बेंझोइक आम्लाचे लवण आहे, ते आम्ल क्रॅनबेरीत आणि दालचिनीत निसर्गतःच असते, आणि स्क्वॅशसाठी आपल्याकडे त्याची मर्यादा दर किलोला ६०० मिलिग्रॅम आहे. एवढीशी मात्रा चमच्याने अंदाजे घालणे चूक आहे, त्यासाठी बारीक वजनकाटा हवा. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे दुसरे टिकाऊपणाचे रसायन मात्र जांभूळ, करवंद, कोकम यांच्या रसात घालू नये, कारण त्याने या फळांचा रंगच उडतो.

राहिला फुकटचा दावा. राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज नेणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे निर्बंध लागू आहेत. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावरची (लाकडाखेरीज रानातून मिळणाऱ्या फळांसारख्या वस्तूंवरची) मालकी वनात राहणाऱ्या आणि त्यावर जगणाऱ्या समाजांची असल्याचे मान्य केले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याखाली. उन्हाळ्यात कर्जत-कसाऱ्याच्या बाजूला पानाच्या द्रोणात करवंदे आणि जांभळे विकायला बसणाऱ्या ठाकर, कातकरी बायका पहाटे काट्यांत हात घालून ती फळे गोळा करतात. गाडी थांबवून, फांद्या ओरबाडून पिशव्या भरून नेणारा माणूस त्यांच्या त्या दिवसाच्या कमाईतून घेत असतो. ज्याला घरी मुरंबा करायचा आहे त्याने त्यांच्याकडून किलोभर करवंदे विकत घ्यावीत. कच्ची कोणती, पिकली कोणती, लोणच्याला कोणती, हे त्या विचारल्यावर सांगतातही.