गिटार अँपसाठी ‘फक्त ५७ घ्या, बाकी पैसे पाण्यात’ हा जो मेसेज फिरतोय त्याबद्दल

मुंबईतल्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज परत परत येतोय. मजकूर साधारण असा: "अँप रेकॉर्ड करायला एसएम ५७ सोडून काहीही घेणं म्हणजे पैसे पाण्यात. जाळीला चिकटवा, बरोबर मधोमध. कंडेन्सर अँपसमोर फाटतो, वर फ्लॅटमधे अख्खी सोसायटी रेकॉर्ड करतो. रिबन तर एका पॉवर कॉर्डमधे तुटतो. आवाज जाड पाहिजे तर दोन माइक लावा." (एसएम ५७ हा शूअर कंपनीचा डायनॅमिक, म्हणजे साधा दणकट माइक. कंडेन्सर म्हणजे बारीक आवाजही टिपणारा, वीज लागणारा माइक. रिबन म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेला माइक. जाळी म्हणजे अँपच्या स्पीकरपुढची.) पहिल्या पगारातून माइक घेणारी पोरं हे वाचून दुकानात जातात, आणि आवाज टोचला की दोष अँपला देतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ५७. माइक चांगलाच आहे, त्यात वाद नाही. १९६५ पासून शूअर तो बनवतंय, आपटला तरी चालतो, आणि जगभरात त्याच्यावर बेसुमार गिटारी रेकॉर्ड झाल्यात. पण तो सपाट माइक नाही. ५-६ किलोहर्ट्झच्या आसपास त्याला मुद्दाम दिलेला उठाव आहे. आता समोरच्या कॅबमधे, म्हणजे स्पीकरच्या पेटीत, सेलेशनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर असेल, ज्याचे अप्पर मिड्स (मधल्या पट्टीतले वरचे सूर) आधीच पुढे असतात, तर अँपचा गेन (आवाज फाटका करणारं बटण) वाढवल्यावर दोघं मिळून कानात सुई घातल्यासारखं होतं. तिथे सेनहायझरचा ४२१, किंवा डार्कचा (ट्रेबल कमी करणारा) स्विच टाकून त्यांचाच ई ९०६, किंवा बायरडायनॅमिकचा रिबन माइक एम १६० जास्त बरा बसतो. उलट स्पीकर मऊ, थोडा कोंदट असेल तर ५७ सारखा माइक नाही. म्हणजे समोर स्पीकर कुठला आहे हे न विचारता माइक सांगताच येत नाही. आणि घरात ५८ (शूअरचाच गाण्याचा एसएम ५८) पडून असेल तर आधी तो लावून बघा, कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा आतला भाग, ५७ च्या अगदी जवळचं आहे, जाळीच्या गोळ्यामुळे थोडा लांब राहतो एवढंच.

‘जाळीला चिकटवा, मधोमध’ हे मला त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य वाटतं, कारण आवाज ठरतो तो इथेच. मधोमध म्हणजे कशाच्या? फोर बाय ट्वेल्व्ह, म्हणजे बारा इंची चार स्पीकरांच्या, कॅबच्या बरोबर मधे स्पीकरच नसतो, चार स्पीकरांमधलं लाकूड असतं, आणि जॅमरूममधे तिथेच माइक टेकवून वाजवणारे मी कितीतरी बघितलेत. मोबाइलचा टॉर्च कापडाला तिरका लावा, आतला कोन दिसतो, मधली गोल टोपी म्हणजे डस्ट कॅप तीही दिसते. त्या टोपीच्या मधावर सगळ्यात तीक्ष्ण आवाज, कडेकडे सरकलात की ट्रेबल उतरत जातो, कोनच्या बाहेरच्या कडेला पार जाड आणि अंधारा. टोपी जिथे कोनला चिकटते त्या रेषेपासून सुरुवात करा. मित्राला एकच रिफ वाजवत ठेवायला सांगा, तुम्ही हेडफोन घालून माइक बोटभर बोटभर सरकवा, दोन सेंटिमीटरमधे जो फरक ऐकू येतो तो नंतर ईक्यूने आणायला गेलात तर अर्धा दिवस जातो आणि तरी येत नाही. चिकटवण्याचंही तसंच, जितकं जवळ तितका प्रॉक्सिमिटीचा (माइक जवळ आल्याने वाढणारा) बेस फुगतो, पाम म्यूट केला, म्हणजे तळहाताने तारा दाबून वाजवलं, की धुप धुप होतं, चार-पाच सेंटिमीटर मागे घेतलात की ते सुटसुटीत होतं.

कंडेन्सर फाटतो म्हणे. एकेजीच्या सी ४१४ एक्सएलएस या कंडेन्सरचं कमाल एसपीएल, म्हणजे तो न फाटता घेऊ शकतो तो सगळ्यात मोठा आवाज, पॅडशिवाय (पॅड म्हणजे सिग्नल कमी करणारा स्विच) १४० डीबी आहे. नॉयमनचा यू ८७ एआय सुद्धा ११७ घेतो, पॅड टाकून १२७. आता दादर-डोंबिवलीच्या फ्लॅटमधे रात्री दहाच्या आत, शेजारच्या काकूंची बेल वाजायच्या भीतीने, अँप किती वर जाणार? एक मीटरवर ८०-८५ डीबी, जाळीजवळ शंभरच्या थोडं पुढे. फाटतोय ते बहुतेक वेळा इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचा) गेन जास्त आहे म्हणून, आणि नाव माइकचं खराब होतंय.

सोसायटी रेकॉर्ड होते हेही तसंच. खोली किती येणार हे माइक स्पीकरपासून किती लांब आहे आणि कुठल्या दिशेने ऐकतो यावर ठरतं. कार्डिऑइड (मुख्यतः समोरूनच ऐकणारा) कंडेन्सर आणि कार्डिऑइड डायनॅमिक दोन्ही पाच सेंटिमीटरवर ठेवा, पंखा आणि खालचा हॉर्न गिटारच्या तुलनेत जवळपास सारखाच येतो. कंडेन्सर वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त उघडतो हे खरं, पण गिटारचा स्पीकर स्वतःच ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. मुंबईत कंडेन्सर नको म्हणायला खरं कारण पाहिजे असेल तर ते पावसाळा आहे. कॅप्सूलला दमट हवा लागली की चरचर सुरू होते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचा.

रिबनबद्दलची भीती जुन्या माइकांवरून आली. १९३० च्या दशकातल्या आरसीएच्या लांब रिबनला नुसता वारा सहन व्हायचा नाही. पण रॉयरचा आर-१२१, १९९८ चा, १३५ डीबीपर्यंत घेतो आणि कॅबसमोर वापरायलाच प्रसिद्ध आहे. त्याला मारतो तो फुंकरीसारखा हवेचा झोत, बास ड्रमच्या भोकासमोरचा, किंवा डिक्कीत धाडकन आपटलेली केस. ४८ व्होल्ट फॅन्टमने, म्हणजे कंडेन्सरसाठी केबलमधून जाणाऱ्या विजेने, तो लगेच जळतो हेही अर्धवट आहे, केबल नीट असेल तर दोन्ही तारांवर सारखा व्होल्टेज येतो आणि रिबनमधून करंट वाहत नाही. केबल खराब असेल किंवा पॅचबेमधे (स्टुडिओतल्या जोडण्यांच्या पट्टीत) जॅक घालता-काढता केला तर मात्र धोका आहे, म्हणून पॅसिव्ह, म्हणजे वीज न लागणारा, रिबन लावताना फॅन्टम बंदच ठेवा. रिबन बऱ्याचदा फिगर एट असतो, म्हणजे मागूनही तितकंच ऐकतो. दहा बाय दहाच्या खोलीत मागे उघडी भिंत असेल तर तिचा आवाज परत आत येतो, मागे जाड गोधडी टांगा, मग ऐका.

आता दोन माइक. दोन लावले की आवाज आपोआप जाड होत नाही, बऱ्याचदा पातळच होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. एक माइक दुसऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर मागे राहिला आणि दोन्ही सारख्या लेव्हलला मिसळले तर साडेतीन किलोहर्ट्झच्या जवळ खड्डा पडतो, म्हणजे तिथला आवाज एकमेकांना खाऊन टाकतो, १० सेंटिमीटर राहिला तर पावणेदोन किलोहर्ट्झजवळ. गिटारचा सगळा चावा तिथेच असतो! इथे कोणीतरी ‘थ्री टू वन’ नियम (दोन माइकांमधलं अंतर माइक ते वाद्य अंतराच्या तिप्पट) सांगतो, पण तो दोन वेगळ्या वाद्यांवर दोन माइक असतात तेव्हाचा आहे, एकाच स्पीकरवर त्याचा उपयोग नाही. करायचं असं की दोन्ही माइक सारख्या लेव्हलला आणा, एकाची पोलॅरिटी उलटी करा (सॉफ्टवेअरमधलं ते बटण सिग्नल उलटा करतं), आणि तो माइक पुढेमागे सरकवत जिथे आवाज सगळ्यात पोकळ, सगळ्यात बारीक होतो ती जागा शोधा. मग पोलॅरिटी सरळ केलीत की तिथेच सगळ्यात भरीव मिळतो. स्वीडनच्या स्टुडिओ फ्रेडमनवरून नाव पडलेल्या पद्धतीत दोन ५७ असतात, एक सरळ, एक तिरका, पण दोघांची तोंडं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली, ती याच कारणाने.

मग घ्यायचं काय? एकच घेणार असाल आणि स्पीकर टोचरा नसेल तर ५७ घ्या, पण बिल देणाऱ्या ओळखीच्या दुकानातून, कारण नकली ५७ खूप फिरतात. स्पीकर टोचरा असेल तर ई ९०६ किंवा ४२१. रिबन दुसरा माइक म्हणून, पहिला नको. आणि पैसे देण्याआधी घरी जो असेल त्या माइकने टोपीच्या मधावर, रेषेवर आणि कोनच्या कडेला असे तीन टेक करून ऐका, नक्की काय खटकतंय ते दुकानात सांगता येईल.